नखांचे पंचवीस रुपये

बाईकडून काम फुकट करून घ्यायचं असलं की तिला आधी नात्यात ओढायचं, ही आमच्या नागपूरची जुनी रीत. बोहारणीशी घासाघीस चालायची, भाजीवालीशी भांडणं व्हायची, पण मला मात्र सरळ 'घरची' म्हणून टाकायचे. घरच्या बाईला पैसे कोण देतं?

मी नवरीची नखं करायचे. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. सदरमधल्या एका पार्लरात हाताखाली राहून शिकले आणि मग स्वतःची पिशवी घेऊन घरोघर जाऊ लागले. हळद लागली की नवरीची नखं अशी पिवळीधमक होतात की वर कोणताही रंग लावा, मुलगी काविळीतून उठल्यासारखी दिसते. ती हळद लिंबाने आणि कोमट पाण्याने उतरवायची, कानशीने आकार द्यायचा, कडेचं कातडं तेलाने मऊ करून मागे सारायचं आणि मग रंगाचे दोन हात. पहिला वाळल्याशिवाय दुसरा लावायचा नाही. त्यात अख्खी दुपार जायची. नवरी आटोपली की करवल्या, मावश्या, आत्या "आता आलीच आहेस तर" म्हणत आपापली बोटं पुढे करायच्या.

किती घेशील, असं कोणी विचारलंच तर मी म्हणायचे, "द्या तुमच्या मनाने." मला वाटायचं, यात मोठा खानदानीपणा आहे. लोकांचं मन केवढं असतं ते लवकरच कळलं. पाच रुपये, एक नारळ आणि एक ब्लाउजपीस. तो ब्लाउजपीसही असा, की ज्याचा ब्लाउज आजवर कोणी शिवला नाही आणि पुढेही शिवणार नाही. या ओटीतून त्या ओटीत फिरायलाच तो विणलेला असतो. एकदा तर मीच एकीला दिलेला जांभळा तुकडा तिसरीकडून माझ्याच ओटीत परत आला. आमचा घरमालक मात्र भाडं नारळात घ्यायला तयार नव्हता.

पार्लरवाली मला पुन्हा बोलावत होती. ठरलेला पगार, आणि दिवसभर टॉवेल धुणं. ही लग्नसराई पिशवीवर निभली नाही तर मला मुकाट्याने तिच्याकडे जावं लागणार होतं. मी ठरवलं, यंदा भाव आपण सांगायचा. पंचवीस रुपये. आणि तोही पिशवी उघडायच्या आधी.

ठरवणं सोपं होतं, तोंडातून काढणं कठीण. मी स्वयंपाकघरात सराव सुरू केला. एका सकाळी चहा गाळताना मोठ्याने म्हटलं, "पंचवीस रुपये होतील." मागे सासूबाई उभ्या होत्या.

"काहून? चहाचे?"

मी सगळं सांगितलं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "नखाले रंग लावाचे पंचवीस? आमच्या खाप्याच्या घरी एवढ्यात सारं घर रंगवून देत होते." त्यांच्या खापा गावातल्या त्या घराला उभ्या जन्मात चुन्याखेरीज काही लागलं नव्हतं, हे मी पोटातच ठेवलं.

पहिलंच काम आलं ते गांधीबागेतल्या एका कापडवाल्याच्या घरचं. त्याच्या मुलीचं लग्न. या घरात कापड हात मोजून आणि माणसं नजरेने मापून घ्यायची सवय. कापडवाल्याची बायको, म्हणजे काकू, दारातच म्हणाल्या, "ये वं, ये. लवकर बस. पोरगी वाट पाहून राहिली."

मी पिशवी मांडीवर घट्ट धरली. "काकू, पंचवीस रुपये होतील. फक्त नवरीचे."

हळदीने माखलेल्या साऱ्या बायका माझ्याकडे वळल्या. मी जणू नवरदेवाचं आधीचं लग्न उघडकीला आणलं होतं.

"पंचवीस? रंगाची शिशी तं सात रुपयाले भेटते!"

"मग शिशीलेच म्हणा नं काकू, लाव म्हणून."

हे मी बोलले. माझा माझ्यावरच विश्वास बसेना. काकूंनी लगेच ठेवणीतलं हत्यार काढलं. "असं काय करतेस वं? तू तं आमच्या घरचीच होय."

माझं डोकं फिरलं. तीन वर्षं हे ऐकत होते. "घरची असती तं पत्रिका आली असती, काकू."

कोणीतरी फिसकन हसलं. बहुतेक नवरीच. काकूंनी कमरेचा बटवा काढला आणि पंचवीस रुपये माझ्या हातावर असे ठेवले, की जणू माझ्या तेराव्याचा खर्च देताहेत. मी नखं मात्र मन लावून केली. मुलीचे हात सुरेख होते आणि गडद लाल रंग त्यांवर असा बसला की काकूंनाही नाव ठेवायला जागा सापडेना. चहा कोणी विचारला नाही.

मी जिंकल्यासारखी घरी आले. संध्याकाळी दारात कापडवाल्याच्या दुकानाचा नोकर उभा. हातात पत्रिका, कोपऱ्याला हळदकुंकू, वर 'सहकुटुंब सहपरिवार'.

सासूबाईंनी ती उलटून पाहिली आणि हसत सुटल्या. "बाई हुशार हाये! पंचवीस दिले अन् आहेराचं आवतन धाडलं. आता कर पैसे वापस."

मला रडू यायचं बाकी होतं. पत्रिका मीच तोंडाने मागितली होती. आता न जाऊन चालणार नव्हतं आणि रिकाम्या हाताने तर मुळीच नाही. अकरा रुपये पाकिटात घातले. सासूबाई पदर खोचून म्हणाल्या, "मलेही ने. आपण जेवून वसूल करू."

दुसऱ्या दिवशी मांडवात सासूबाई थेट पंगतीकडे गेल्या. मी पाकीट घेऊन नवरीपाशी उभी राहिले. हार धरलेली तिची बोटं दिव्याखाली चमकत होती आणि बायका नवरदेव सोडून तीच बघत होत्या. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. आपलं काम मांडवात मी पहिल्यांदाच पाहत होते, कारण एवढ्या वर्षांत लग्नाला बोलावलं कोणी होतं?

जाड पाटल्या घातलेल्या एका बाईने काकूंना गाठलं. "नखं कोणी केली वं? किती घेते?"

काकूंना मी दिसले नव्हते. मान ताठ करून त्या म्हणाल्या, "पन्नास घेते. आम्ही काय अशीतशी आणतो का?"

"पन्नास? मग चांगलीच असंल."

मला हसू आलं आणि संतापही आला. काल पंचवीस ऐकून ज्या बाईला घेरी येत होती, ती आज चार माणसांत माझा भाव दुप्पट करून मिरवत होती. मी पुढे झाले. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. पाटल्यावाल्या बाईने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "तूच का वं? पन्नास घेतेस?"

मी पाकीट काकूंच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हो, पन्नासच. करवल्यांचे वेगळे."