द्राक्षांवरचं भाषण

शीला रामटेके यांचं भाषण संपलं तेव्हा हॉलमधली माणसं उभी राहिली होती. २००९चा महिला दिन रविवारी आला होता. आमच्या टोरोंटोच्या आंबेडकर असोसिएशनने विषय ठेवला होता, अमेरिकेतल्या लढणाऱ्या स्त्रिया. कुणी रोझा पार्क्स घेतल्या, कुणी शर्ली चिझम. शीलाताईंनी डोलोरेस ह्युर्टा घेतल्या. हे नाव आमच्यातल्या बहुतेकांनी ऐकलंच नव्हतं. अकरा मुलांची आई, कॅलिफोर्नियात शेतमजुरांची युनियन बांधणारी, मजुरांना न्याय मिळेपर्यंत द्राक्षं विकत घेऊ नका म्हणून लोकांना विनवणारी.

"शेतात बायकांना आडोसाही नसायचा," शीलाताई म्हणाल्या. "साधी बाथरूमची सोय मागायलाही धाडस लागायचं."

तिथे त्या थांबल्या. त्यांना गहिवरून आलं असं आम्हाला वाटलं. पहिली टाळी मीच वाजवली.

पुढच्या फेब्रुवारीत रेजिना शहरातल्या आंबेडकरी मंडळींनी तेच भाषण मागितलं, म्हणून मी शीलाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "नीरजा, ते भाषण मी पुन्हा करणार नाही. घरी ये, सांगते."

शीलाताई नागपूरच्या, एम.ए. झालेल्या. २००१ साली टोरोंटोला आल्या, शाळेत नोकरी मिळाली नाही, मग टोरोंटोजवळच्या वॉनमधल्या एका वेअरहाउसमध्ये पॅकिंगला लागल्या. सात वर्षांनी लाइन लीड, म्हणजे पॅकिंगच्या एका रांगेच्या प्रमुख, झाल्या. त्यांच्या लाइनवर उमा नावाची एक श्रीलंकेची तमिळ बाई होती, कंत्राटी कामगार पुरवणाऱ्या एजन्सीतर्फे आलेली. तिथे वॉशरूमला जायचं तर सुपरवायझरला विचारावं लागे, आणि तो घड्याळ बघत उभा राही. उमाने त्याबद्दल मॅनेजरला पत्र लिहायचं ठरवलं. तिचं इंग्लिश शीलाताईंनी लंचमध्ये बसून सुधारून दिलं.

"तुम्ही सगळ्या सह्या करा, मी शेवटी करते," असं त्यांनी लाइनवरच्या बायकांना सांगितलं होतं. केली मात्र नाही.

महिला दिनाच्या आधीच्या मंगळवारी मॅनेजरने दोघींना ऑफिसात बोलावलं. पत्र टेबलावर होतं. "उमा म्हणते, हे लिहायला तू मदत केलीस."

"आय हॅव नेव्हर सीन धिस," शीलाताई म्हणाल्या.

उमा शेजारीच उभी होती. ती चिडली नाही. आपण नीट ऐकलं ना, एवढंच जणू पडताळत तिने शीलाताईंकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून एजन्सीने तिला बोलावलं नाही.

"गुणवंतची नोकरी जानेवारीतच गेली होती," शीलाताई मला म्हणाल्या. गुणवंत म्हणजे त्यांचे यजमान. "पण ते कारण सांगायचीसुद्धा लाज वाटते. त्या क्षणी गुणवंत माझ्या डोक्यात नव्हताच. मॅनेजर मला नावाने हाक मारायचा, बाकीच्यांना नुसतं 'गाइज'. ते जाऊ नये, एवढंच होतं."

पाच दिवसांनी त्या आमच्यासमोर भाषणाला उभ्या राहिल्या. त्यांची मुलगी जाई, अकरावीतली, तिने ते टाइप करून दिलं होतं. परतताना गाडीत ती म्हणाली, "मॉम, आय वॉज सो प्राउड ऑफ यू." घरी पोचल्यावर शीलाताई आत गेल्याच नाहीत. गुणवंतभाऊंनी सकाळी बर्फ काढून साफ केलेला ड्राइव्हवे त्या पुन्हा शोव्हल करत राहिल्या.

दोन आठवड्यांनी वेअरहाउसमध्ये दहा-दहा मिनिटांचे दोन ब्रेक मिळाले. आता वॉशरूमसाठी कुणाला विचारावं लागणार नव्हतं. बायकांना वाटलं, शीलाताईंनीच आत शब्द टाकला. एकीने घरून केक करून आणला.

"मी तो खाल्ला," शीलाताई म्हणाल्या. "नाही म्हणाले नाही."

मे महिन्यात त्या पत्ता काढून स्कारबरोला उमाच्या घरी गेल्या. उमाने आत बोलावलं नाही. दार मागे ओढून घेऊन ती कॉरिडॉरमध्ये उभी राहिली. तिला एका बेकरीत काम लागलं होतं, आधीपेक्षा कमी तासांचं. शीलाताईंनी माफी मागितली.

"सॉरी मला नको," उमा म्हणाली. "तिथल्या बायकांना सांग, पत्र कुणी लिहिलं ते."

शीलाताई हो म्हणून आल्या. आज सांगू, सोमवारी सांगू, असं करता करता उन्हाळा गेला, दिवाळी गेली. अखेर जानेवारीत एका ब्रेकमध्ये त्यांनी सांगितलं. आपण काय केलं, तेही सांगितलं. तोवर निम्म्याहून जास्त बायका बदलल्या होत्या. टेबलाच्या टोकाला बसलेल्या नव्या मुलीने विचारलं, "हू इज उमा?"

"जाईला सांगितलंत?" मी विचारलं.

"त्याच संध्याकाळी. आठ दिवस माझ्या नजरेला नजर दिली नाही तिने. आता बोलते, पण जपून."

मी चहा संपवून निघाले. रेजिनाला फोन करून दुसरं कुणी बघा म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. "शीलाताईंची तब्येत बरी नाही," मी म्हणाले.