जन्मगाव सोयगाव

मशीनमधून कागद बाहेर आला की ती आधी तो गालाला लावायची. "गरम हाय अजून," म्हणायची. मग उलटसुलट करून बघायची आणि विचारायची, "ह्याच्यावर माझं नाव हाय ना, भाऊ?"

नाव असायचंच. तिच्याच रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर दुसऱ्या कुणाचं नाव कुठून येणार? पण दर वेळी मी बोट ठेवून नाव दाखवायचं, तिनं मान हलवायची आणि मगच कागद पिशवीत जायचा. तोवर मागची रांग खोळंबायची. मी वैतागायचो. आता वाटतं, कशाला वैतागायचो.

तिचं नाव इथं लिहीत नाही. माझ्या हातानं तिच्याबद्दल एकदा एक गोष्ट लिहिली गेली, तेवढी पुरे झाली. मी तिला वहिनी म्हणायचो.

पडेगावात दौलताबाद रस्त्याला माझं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स लिहिलं असलं तरी खरा धंदा फॉर्म भरून देण्याचा. तुमच्याही भागात असं एखादं दुकान असेल, बाहेर एक बाक असेल आणि बाकावर देश चालवणारी चार माणसं असतील. पण आमच्या धंद्यातली एक रीत तुम्हाला ठाऊक नसेल. आम्ही रकाना मोकळा सोडत नाही. मोकळ्या रकान्याचा फॉर्म परत येतो आणि गिऱ्हाईक आमच्या नावानं खडे फोडतं. म्हणून जन्मतारीख माहीत नसली की एक जून. आमच्याकडं शाळेतल्या मास्तरांनी निम्म्या लोकांना एक जूनला जन्माला घातलंय, उरलेल्यांना आम्ही घालतो. लग्न झालेल्या बाईचं जन्मगावही असंच. विचारत बसायला वेळ नसला की सरळ नवऱ्याचं गाव.

तिचा नवरा सोयगावचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. मेंढरं कमी झाली तशी भावकी मजुरीला लागली आणि हा शहरात येऊन वॉचमन झाला. पस्तिशी उलटली तरी त्याला कोणी मुलगी देईना. शेवटी एका मध्यस्थानं 'तिकडची' मुलगी आणून दिली. तिकडची म्हणजे पूर्वेकडची, बंगाल म्हणा, ओडिशा म्हणा. अशा सुना आमच्या भागात बऱ्याच घरांत आहेत. त्यांना माहेर विचारायचं नाही हा आमचा शिष्टाचार. तेवढा एक शिष्टाचार आम्ही मनापासून पाळतो.

सासूनं तिला भाकरी थापायला शिकवल्या आणि सोबत बोलायलाही. माझी ओळख झाली तोवर ती माझ्यापेक्षा अस्सल बोलत होती. नवरा वारला, पदरात एक मुलगी. चितेगावच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोरांना ती सकाळी भाकरी करून द्यायची. कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला की हातात फडक्यात बांधलेली चळत घेऊन धावायची. एखादा पोरगा डबा विसरला तर त्याच्या आईच्या वरताण बोलायची. "उपाशीपोटी मशीन चालवतो व्हय रं? हात जाईल तवा कळंल."

तिचं मतदार यादीतलं नाव मीच घातलं. त्या दिवशी दुकानात मरणाची गर्दी होती. "जन्मतारीख?" मी विचारलं.

"ठाऊक नाय. तुमची कंची?"

"एक जून."

"कंडक्टर मामाची?"

बाकावरच्या कंडक्टर मामांनी पेपरातून डोकं वर काढलं. एसटीतून रिटायर झालेला माणूस, आवाज अजून गाडीतलाच. "माझी पण एक जून!"

"मंग मलाबी तीच लिवा," ती म्हणाली. "तिघांचा वाढदिवस संगं."

पुढचा रकाना जन्मगावाचा. मी न विचारता, मानही वर न करता, सोयगाव लिहून टाकलं. फॉर्मची झेरॉक्स तिनं गालाला लावली, बघितली आणि त्या रकान्यावर बोट ठेवून बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, नाव शोधतेय. मी बोट धरून वरच्या ओळीवर नेलं आणि म्हणालो, "नाव इथं आहे, वहिनी." तिनं कागद पिशवीत घातला.

तेव्हापासून दर एक जूनला ती तांदळाची खीर घेऊन यायची. आम्हा दोघांना एकेक वाटी. "आमच्याकडं वाढदिसाला खीरच करत्यात," एवढंच सांगायची. आमच्याकडं म्हणजे कुठं, हे आम्ही विचारलं नाही. खीर मात्र दोनदा मागून घेतली.

पहिल्यांदा मत देऊन आली तेव्हा शाईचं बोट वर धरून सगळ्या गल्लीला दाखवत होती. दुसऱ्या दिवशी पीठ मळताना ते बोट बाजूला ठेवायची. शाई जाऊ नये म्हणून.

बाकावर गेली काही वर्षं एकच विषय. बाहेरच्या देशातून चोरून आलेले लोक, त्यांची बनावट कार्डं, त्यांना ठेवायचं की हाकलायचं. कंडक्टर मामा सगळ्यांत कडक. "तिकीट नाही तर खाली उतर! चाळीस मैल आत आला म्हणून गाडी त्याची होत नाही." माझंही मत साधारण तेच होतं, फक्त हळू आवाजात. एकदा ती भाकरी पोचवून परत चालली होती. मामांनी तिलाच विचारलं, "काय गं, बरोबर की नाही?"

"बरोबर हाय की," ती म्हणाली. "चोरून आलेल्यांनी भ्यायलाच पायजे." आणि पदर सावरून निघून गेली. आम्ही हसलो.

मागच्या वर्षी पावसाळा संपताना ती भर दुपारी दुकानात आली. हातात मोबाईल होता. त्यात खाटेवर पडलेली एक म्हातारी दिसत होती, डोळे मिटलेले.

"माझी आई हाय. चुलतभावानं नंबर हुडकला. मला जाऊन यायचंय, भाऊ. पासपोट काढा."

मी म्हटलं, त्यात काय, सगळे कागद तयारच आहेत. जायचंय कुठं? तिनं देशाचं नाव सांगितलं आणि मी चष्मा काढून ठेवला.

सगळं तिनं उभ्यानंच सांगितलं. नदीनं घर खाल्लं. घराबरोबर पेटी गेली, पेटीत होते नव्हते ते कागद गेले. सतराव्या वर्षी मावशीनं पहाटे होडीत घालून अलीकडं आणलं, अंगावर तागाच्या पेंढ्या टाकून. पुढं रेल्वे, मग हे शहर, मग सोयगाव. पंचवीस वर्षं झाली. नवऱ्याला माहीत होतं, सासूलाही. त्यांनी शब्द काढला नाही, तिनंही नाही.

मी दार लोटून घेतलं. म्हटलं, "वहिनी, कागदावर सोयगाव आहे. पासपोर्ट निघेल. गप जाऊन या."

तिनं नको म्हणून मान हलवली. "एकदा चोरून आले. पंचवीस वरसं पोलिसाची गाडी दिसली की वाट बदलते. आता आईकडं चोरून नाय जायाचं. नाकासमोर जायाचं आन नाकासमोर परत यायाचं."

एवढंच तिला हवं होतं. जाणं आणि परत येणं.

मी तिला ओळखीच्या वकिलाकडं घेऊन गेलो. बिचाऱ्यानं नीट समजावलं. इथल्या माणसाशी लग्न झालं की नागरिकत्वाला अर्ज करता येतो, पण देशात शिरताना हातात कागद हवा. कागदाशिवाय शिरलेल्याला ती वाट बंद. दुसरी एक वाट काही धर्मांच्या लोकांनाच आहे, आणि त्या वाटेलाही तिकडचा एखादा जुना कागद लागतोच. मग त्यानं तिच्या मुलीची जन्मतारीख विचारली आणि सुटकेचा श्वास सोडला. कायदा कडक व्हायच्या आधी जन्मली होती, म्हणून मुलगी इथलीच धरली जाणार होती. मुलगी शहरातल्या दवाखान्यात नर्स आहे.

"मंग माझी वाट कंची?" तिनं विचारलं.

"गप्प बसा," वकील म्हणाला. "आजवर बसलात तशा."

ती बसली नाही. आठ दिवसांनी येऊन म्हणाली, अर्ज लिहा. मी खूप समजावलं. मुलगी रडली, हात जोडले. पण तिनं मजकूर पाठच करून आणला होता. मी चोरून आले, माझी चूक झाली. मला काय दंड करायचा तो करा, पण मला इथलं करून घ्या. आईला एकदा भेटून येऊ द्या. मी टाईप केलं. कागद निघाला, तिनं गालाला लावला. त्यावर तिचं नाव होतं आणि पहिल्यांदाच तिच्या खऱ्या गावाचं नाव होतं.

चौकशीच्या दिवशी मी आणि मामा आपण होऊन गेलो. बाकावर ही बातमी फुटल्यावर पहिला प्रश्न तिच्या धर्माचा निघाला होता. मी उत्तर दिलं नव्हतं, इथंही देणार नाही. मामांनी मात्र इस्त्रीचा सदरा घातला आणि साहेबांना सांगितलं, बाई सोन्यासारखी आहे, मी जामीन राहतो.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग फाईलमधून मतदार यादीचा तो जुना फॉर्म काढून टेबलावर ठेवला.

"चोरून आलात हे आता सांगता. मग हे काय? जन्मगाव सोयगाव. खोटं लिहून मतदान केलंत. हे कुणी लिहिलं?"

अक्षर माझं होतं. मी माझं अक्षर दुरूनही ओळखतो. शेपूट ओढलेला 'य' माझ्याशिवाय कुणाचा नाही.

तिनं माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. "मीच सांगितलं तसं लिवायला," ती म्हणाली. "लिवणाऱ्याला काय ठाऊक?"

मी छताच्या पंख्याकडं बघत राहिलो. तोंड उघडायचं होतं. साहेब, तिनं सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं, एवढी दोनच वाक्यं. पण दुकान डोळ्यांपुढं आलं, परवाना आला, घरची माणसं आली. मी बोललो नाही. मला स्वतःची लाज वाटते. हे लिहिण्याआधी मी इथल्या कुणापाशी कबूल केलेलं नाही.

बाहेर आल्यावर मामा झाडाखाली बसले. "मी दुसऱ्या लोकांबद्दल बोलायचो रे," ते म्हणाले. "हिच्याबद्दल नाही."

"दुसरे कोण, मामा?"

त्यांनी पाणी मागितलं, मी आणून दिलं.

तिला आतच ठेवून घेतलं. मुलीनं कपड्यांची पिशवी नेऊन दिली. महिन्याभरानं कळलं की बाकीच्या काही लोकांबरोबर तिला पूर्वेकडं नेलं आणि पलीकडं पाठवलं. जाणं झालं. परत येण्याचं काय, ते कुणालाच सांगता येईना. कंपनीची बस सकाळी अजून हॉर्न वाजवते. सवय आहे ड्रायव्हरला.

यंदा एक जूनला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"भाऊ, खीर केली का कोणी?"

तीच बोलत राहिली. पोरगी जेवती का, मामाचा गुडघा कसा हाय. आई भेटली का, मी विचारलं.

"भेटली. पर वळखंना. मी बोलाया लागले की म्हणती, ही कंच्या मुलखाची बाई आलीय, काय बोलती? माझी भाषाच ऱ्हाईली नाय, भाऊ. अर्धं मराठीच तोंडात येतं." ती थोडं हसली. "हितं बी माझा कागद नाय. हितल्या लोकांला मी तुमच्याकडची."

मग मी सांगितलं. पंख्याकडं बघत होतो तेव्हापासून गिळून ठेवलेलं एकदाचं बाहेर काढलं. "वहिनी, तो रकाना मी भरला होता. न विचारता. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."



"ठाऊक हाय की," ती म्हणाली. "तवाच वाचलं हुतं म्या. पोरीसंगं अक्षरं शिकले हुते. सांगनार हुते, भाऊ, हे खोटं हाय, खोडा. पर तुमी ना विचारलं, ना वर बघितलं, आन मला सोयगावात जन्माला घातलं. लई बरं वाटलं. म्हनून गप बसले."

फोन मध्येच बंद पडला. मी लावून बघितला, लागला नाही. मशीनमध्ये कुणाचे तरी कागद निघून पडले होते. मी उचलले तोवर ते गार झाले होते.