पाण्याची हाक

“बंद कर! ते डबडं बंद कर आधी!”

माझा बा बांधावर उभा राहून ओरडत होता. ओरडणं माझ्यावर होतं, डोळे मात्र मेंढरांवर. मी लिंबाखाली गिटार घेऊन बसलेलो, आणि आमची मेंढरं शेजारच्या रानात घुसलेली. ज्वारी निघून गेल्यावर धसकटांना जे कोवळे फुटवे येतात ते मेंढराला विष असतात. पोटभर खाल्ले की जनावर फुगून आडवं. मी तारांवर हात ठेवला. बानं छाती भरून पाण्याची हाक दिली. मेंढरांनी माना वर केल्या, त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि जेवणाच्या सुट्टीतल्या तलाठ्यासारख्या निवांत पुन्हा खाली घातल्या.

बाची हाक मेंढरांनी ऐकली नाही, हे आमच्या पंचक्रोशीत सूर्य पश्चिमेला उगवण्यासारखं होतं. कारण ती हाक साधी नव्हती. वर कुठेतरी आभाळात सुटायची, मधेच तुटायची, आणि मग घसरत घसरत जमिनीला टेकायची. आमच्या हट्टा गावच्या शिवारात बानं हाक दिली तर वसमतच्या स्टँडवर कंडक्टर डबल बेल मारायचा, असं मी कॉलेजात सांगत असे. पटत नसेल तर त्या कंडक्टरला विचारा. तो आता रिटायर झाला, आणि त्याला कमी ऐकू येतं, ही गोष्ट वेगळी. पण हे खरं की चरायची हाक वेगळी, वळायची वेगळी, आणि पाण्याची सगळ्यात वेगळी. पाण्याची हाक ऐकली की मेंढरं तोंडातला घास टाकून निघायची. रांगेनं, न भांडता. आमच्या आळीतली माणसं नळावर तशी कधी निघाली नाहीत.

आता गिटार. मेंढक्याच्या घरात गिटार म्हणजे उंटाच्या गळ्यात टाय. सिद्धेश्वरला धरणाच्या कॉलनीत एक साहेब राहायचे. त्यांची बदली झाली तेव्हा सामानाचा ट्रक भरायला मी गेलो होतो. ट्रकमध्ये जागा उरली नाही म्हणून त्यांनी गिटार आणि कॅसेटींचा एक खोका मला देऊन टाकला. गिटारीला चारच तारा होत्या. उरलेल्या दोन मी नांदेडहून आणल्या आणि स्वतःला कलावंत घोषित केलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला माझी पहिली कॅसेट निघाली. नांदेडला एक स्टुडिओवाला होता. लग्नाच्या वराती, निवडणुकीचा प्रचार, देवीची गाणी, सगळं तो एकाच खोलीत भरायचा. त्याच्याकडे मी आठ गाणी गायलो. शब्द माझे, चाली माझ्या, निदान मला तसं वाटत होतं. गाण्यांत समुद्र होता, लाटा होत्या, वाळूत पुसली जाणारी पावलं होती. मी तोवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वरचं धरण, आणि तेही उन्हाळ्यातलं. प्रत्येक गाणं मी इतक्यांदा पुन्हा पुन्हा गायलो की स्टुडिओवाल्याच्या बायकोला सगळी पाठ झाली आणि ती माझ्यापेक्षा बरी गाऊ लागली. आखाडा बाळापूरच्या बाजारात एका चहावाल्यानं कॅसेट लावली. अर्धी बाजू संपल्यावर त्यानं ती काढली, उलटी करून पाहिली आणि विचारलं, “भौ, सुरू कवा होते ही?”

कॅसेट तिथंच मेली. मी महिनाभर कुणाशी बोललो नाही. म्हणजे रोजच्यापेक्षा थोडं कमी बोललो.

त्या महिन्यात साहेबांच्या खोक्याच्या तळाशी एक कॅसेट सापडली. वर नाव नाही, गाव नाही. आत सातासमुद्रापलीकडचा कुणी म्हातारा एकटाच गिटार वाजवत होता आणि मधे मधे गात होता. शब्द एकही कळेना. पण तो तारेवर काहीतरी घासायचा आणि सूर पायऱ्या न उतरता उतारावरून गाडी सुटावी तसा खाली यायचा. गळा फाटका, पण तो झाकायची त्याला बिलकुल घाई नव्हती. स्टुडिओवाल्याला ऐकवली तर तो म्हणाला, याला ब्लूज म्हणतात. ही माहिती मी गावात सांगितली, ती माझी चूक. मी ब्लू गाणी वाजवतो अशी बातमी पसरली. म्हातारे माझ्याकडे पाहून थुंकायला लागले आणि तरणी पोरं संध्याकाळी दाराशी घुटमळायला लागली.

तारेवर काय घासावं हे कळेना. शेवटी जनावरांच्या डॉक्टरनं टाकून दिलेली लशीची बाटली घेतली, तिचं तोंड फोडलं, दगडावर घासून गुळगुळीत केली आणि बोटात घातली. लिंबाखाली बसून पहिल्यांदा तारेवरून ती ओढली. सूर वर सुटला, मधे तुटला, घसरत खाली आला. त्या म्हाताऱ्याचा सूर मिळाला, असं मला वाटलं. तेवढ्यात मागून धाप ऐकू आली. वळून पाहतो तर अख्खा कळप रांगेनं माझ्यापुढे उभा. तोंडातला घास टाकून आलेला.

मी ज्याला सातासमुद्रापलीकडचं समजत होतो, ते माझ्या बाच्या गळ्यात होतं, जन्मापासून माझ्या कानात होतं.

त्या दिवसापासून मी वेडा झालो. समुद्र सोडला. पहिलं खरं गाणं लिहिलं ते मेंढरांच्या कोरड्या हौदाचं. सकाळी वाजवायचो, दुपारी वाजवायचो. मेंढरं यायची, बघायची, परत जायची. मला वाटायचं, रसिक आहेत. दुनियेतल्या कुठल्या गवयाला रोज एवढे श्रोते मिळतात? हळूहळू त्यांनी येणं कमी केलं. मला वाटलं, गाणं जुनं झालं.

आणि मग तो दिवस, ज्वारीच्या रानाचा. हाकेनं मेंढरं निघेनात तेव्हा बानं, मायनं आणि मी ढेकळं मारत, पाय ओढत, खांद्यावर उचलून त्यांना बाहेर काढलं. मायनं घरातला सगळा गूळ पाण्यात कालवून एकेकीच्या घशात ओतला. बाकीच्या उठल्या. कळपाच्या पुढे चालायची ती कानफाटी मेंढी दिवस मावळेपर्यंत गेली.

बा हौदाच्या काठावर बसून राहिला. मग म्हणाला, “आमी हाक मारली म्हंजी पाणी असतंच. माझ्या बापानं कवा खोटी हाक मारली न्हाई. तू रोज बलावून राहिला अन् रिकामं धाडून राहिला. आता त्यान्नी काहून यावं?”

गिटार फोडून चुलीत घालतो, असं मी म्हणालो; मनातून कुणीतरी अडवेल अशी आशा होती. अडवलं ते मायनं. ती म्हणाली, “जाळू नको. वाजव. पर हौदापाशी वाजव, अन् वाजवलं की पाणी पाज.”

ठरलं ते असं. ते गाणं हौदाशिवाय कुठंच वाजवायचं नाही, आणि हौद भरल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. ते दिवस भारनियमनाचे. मोटर चालायची ती फक्त आमदाराच्या स्वप्नात. मी पोहऱ्यानं विहिरीतलं पाणी शेंदायचो. इतकं शेंदलं की पूर्णा नदीची पातळी खाली गेली असावी. नोंद कुणी केली नाही. पहिले दिवस मेंढरं आलीच नाहीत. मग एक आली, प्यायली, गेली. मग चार. बा लांबून बघायचा. पावसाळ्याच्या तोंडाला त्यानं एकदा स्वतः हाक दिली आणि सगळी आली. तेव्हा त्यानं टोपी काढून तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ.

दोन-तीन वर्षांनी दुसरी कॅसेट काढायची ठरली. तोवर सीडी आल्या होत्या. स्टुडिओवाला म्हणाला, बाकीची इथं गा, हौदाचं पण इथंच गा. मी म्हणालो, ते इथं होत नाही. त्याला वाटलं मी फार मोठा झालो. शिव्या देत, मशीन जीपमध्ये घालून तो आमच्या रानात आला. पहिल्या दिवशी गायलो, मेंढरं आली, प्यायली. स्टुडिओवाल्यानं कानावरचे हेडफोन काढले. “एक बार फिर. ते शेवटी घसरलं थोडं.”

मी बाच्याकडे पाहिलं. बा म्हणाला, “आता न्हाई. आता त्यान्ला तहान न्हाई.”

म्हणजे दिवसातून एकदाच. चुकलं तर उद्या. स्टुडिओवाला आमच्याकडे राहिला. मायच्या हातच्या भाकरीनं त्याचं वजन असं वाढलं की परतताना जीपचं चाक बसलं. मी मात्र त्या दिवसांत गायला शिकलो. जे गाणं एकदाच म्हणता येतं ते फार जपून म्हणावं लागतं. गळा कुठं फाटतोय हे बघायला सवड नसते. समोर तहानलेलं कुणी उभं असतं. जे शेवटी सीडीत राहिलं, त्यात सूर घसरलेलाच आहे. अखेरीला गिटार थांबते आणि मेंढरं पाणी पिताना ऐकू येतात. ते कापायला स्टुडिओवाला तयार होता, पण त्याच्या बायकोनं त्याला कापू दिलं नाही.

नांदेडला एका छोट्या सभागृहात कार्यक्रम झाला. उन्हाळा होता, पंखे बंद. तिथं मी ते गाणं गायलो. बाला विचारून गेलो होतो. तो फक्त हूं म्हणाला होता. सकाळच्या पहिल्या गाडीनं मी घरी आलो तेव्हा तो एका मेंढीला मांडीखाली दाबून लोकर कातरत बसला होता. मी दारातूनच सांगायला सुरुवात केली. अर्धं नांदेड आलं होतं, खुर्च्या कमी पडल्या, लोक खिडक्यांना लोंबकळले. हौदाच्या गाण्याला तर माणसं उठून पुढे आली, रांगेनं, न भांडता, आणि स्टेजपुढे उभी राहिली. बायाच काय, बाप्येही रडले.

बानं कातरी थांबवली.

“सगळे आले व्हय?”

“सगळे आले, बा.”

“मंग पाणी पाजलं का त्यान्ला?”