शिकवणी बांधावरची

टोमॅटोच्या पाल्याचा उग्र वास आला, की मला नातीचे ते हिरवे-काळे हात आठवतात. पोर इंग्रजीत कच्ची, म्हणून आम्ही तिला नारायणगावच्या एका बाईंकडे शिकवणीला धाडत होतो. बाई पैसे घेत नव्हत्या, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. वही कोरी आणि हात हे असे, मग मी ठरवलंच, आज पोरीला तिथून काढायचं. न सांगता गेले, तर शिकवणी बाईंच्याच टोमॅटोच्या बांधावर चाललेली. "आय कॅरी," म्हणत नात क्रेट उचलत होती. मग बाईंनी क्रेट उचलला, तशी ती म्हणाली, "शी कॅरीज." मी म्हटलं, "बाई, पोरीला राबवून घेताय व्हय?" त्या हसल्या. "आजी, क्रियापद हातानं केलं की डोक्यात राहतं. वहीतलं ती चार दिवसांत विसरत होती." नात म्हणाली, "आज्जी, थांब की गं, माझं अजून व्हायचंय," आणि एकेक काम करत दहा-बारा शब्द न अडखळता म्हणाली. तिला काढायचं राहूनच गेलं. तरी निघताना मी क्रेट मोजले, सात भरले होते. आता नात स्वतः मास्तरीण झालीय, सुट्टीत गावची पोरं घेऊन आमच्याच वावरात शिकवायला येते, आणि मी आधीच रिकामे क्रेट मांडून ठेवते.