बिशपच्या जागेचा राखणदार

आमच्या घरापासून सरकारी विहीर सरळ साठ पावलांवर होती. वळसा घालून तीनशे चाळीस. मध्ये बिशपच्या बंगल्यासाठी राखलेली, कुंपण घातलेली चर्चची जमीन. बंगला कधी बांधलाच नाही, तरी म्हातारा राखणदार ती मोकळी जागा रोज झाडायचा.

वळसा घालून पाणी वाहताना बायकोचा गुडघा सुजला, तेव्हा मी वैतागून म्हणालो, "बाबा, कुंपणाला एक फाटक ठेवा. बिशपसाहेबांना विचारा."

"त्यायलेबी वाट देता येत नाही, बाबूजी. कायद्यानं जमीन बिशपाच्या गादीची आहे, त्यायची सोताची नाही. तेबी माह्यासारखे राखणदारच."

दुसऱ्या दिवशी त्यानेच विहिरीवरून दोन बादल्या आणून कुंपणावरून दिल्या. "मले चालाले मनाई नाही," म्हणाला.

सहा महिने तो पाणी आणत राहिला. फाटक मात्र दिलं नाही. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.