गोटहोल्डचा जबडा
जर्मनीतल्या जायफेन गावात गोटहोल्ड काल्टोफेनच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. माणूस लाकडाचा कातारी, पण हातातल्या पटाशीपेक्षा जीभच जास्त धारदार. त्याचे आजे-पणजे खाणीत कथील खणायचे. कथील संपलं तसे लाकडाकडे वळले आणि राजा, शिपाई, जंगलखात्याचा साहेब असे अक्रोड फोडणारे बाहुले, अक्रोडफोडे, घडवू लागले. जन्मभर ज्यांच्यापुढे वाकायचं, त्यांच्या तोंडात अक्रोड कोंबायचा आणि पाठीमागची दांडी दाबायची. गरिबाला एवढाच काय तो सूड परवडत होता!

गोटहोल्डनं ही गादी इमानानं चालवली. पूर्व जर्मनीच्या राज्यात तो ज्या सरकारी कारखान्यात होता, त्याचा डायरेक्टर भलताच माजला होता. गोटहोल्डनं त्याचा लोंबता ओठ आणि दुहेरी हनुवटी पोलिसाच्या बाहुल्यावर उतरवली. साहेब तोच नमुना छातीशी धरून पश्चिमेच्या व्यापाऱ्यांबरोबर फोटो काढून आले! सगळ्या गावाला कळलं, त्या ठोंब्याला नाही. गोटहोल्ड ही गोष्ट अजून गिऱ्हाइकांना सांगतो आणि दर वेळी डायरेक्टर थोडा जास्तच जाडा होतो.

पुढे पूर्व-पश्चिमेमधली भिंत पडली, डायरेक्टर गेला, गोटहोल्डनं स्वतःचा कारखाना थाटला. मग त्या रिकाम्या खुर्चीत कोण बसलं? आमचा गोटहोल्डच की! मुलगी रोस्विता चाळिशीला आली, बावीस वर्षं त्याच्या हाताखाली राबली. तिनं बाहुल्यांना सशाच्या केसांच्या दाढ्या चिकटवायच्या, डोळे रंगवायचे. जबडा मात्र तोच बसवणार. आणि बाहुल्याच्या बुडाला मारायचा घराण्याचा शिक्का दिवसा याच्या खिशात, रात्री उशाखाली.

"बाबा, शिक्का कधी देणार? शेजारच्या गावातले कातारी मला बोलावतायत. जबडे बसवायला, माझ्या नावानं. नव्या वर्षाला उत्तर द्यायचंय."

"मी मेल्यावर घे. तोवर दाढ्या चिकटव."

एवढं बोलून उठायचं आणि चालू लागायचं, ही त्याची नेहमीची तऱ्हा. बरं, जबड्याचा एवढा तोरा, पण त्याचे बाहुले तीस वर्षं नुसते फळीवर दात विचकत उभे. "कसलाही अक्रोड फोडतो हो!" म्हणून विकायचा, आणि घरी बायको एल्फ्रीडे लोखंडी पक्कडीनं अक्रोड फोडायची.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी नऊ पदार्थांचं जेवण मांडलं. या पंगतीत एकदा बसलं की घरच्या बाईशिवाय कुणी उठायचं नाही. उठला तो घरावर संकट आणतो. सॉसेज झाले, आंबट कोबी झाला, मसूर झाली. शेवटी अक्रोड आले, तशी रोस्वितानं टेबलाखालून एक बाहुला काढून बापापुढे ठेवला.

ना राजा, ना पोलीस. चामड्याचा एप्रन, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, कपाळात गेलेल्या भुवया आणि हे एवढं उघडं तोंड!

गोटहोल्डनं स्वतःला तत्काळ ओळखलं. मान लालबुंद झाली. दोन्ही हात टेबलावर रोवून तो उठणार, तोच एल्फ्रीडे कडाडली, "बसा खाली! नऊ पदार्थांवरून उठता? घर बुडवायचंय का?"

बसला बिचारा. जाणार कुठे?

रोस्वितानं त्यातल्या त्यात कठीण अक्रोड बाहुल्याच्या तोंडात ठेवला. "दाबा बाबा."

त्यानं दांडी दाबली. कडाक्! टरफल दोन बाजूंना, गर अख्खा. त्यानं दुसरा फोडला, तिसरा फोडला. मग जबड्यावरून अंगठा फिरवला. फट कुठेच लागेना.

"कुणी बसवला?"

"दाढ्या चिकटवणारीनं."

त्यानं बाहुला उलटा केला. बूड कोरं होतं. मग खिशात हात घालून शिक्का काढला आणि लेकीच्या ताटाशी ठेवला. बोटं मात्र लगेच सुटली नाहीत.

"जबडा बरा जमलाय," तो म्हणाला. "पण नाक फार मोठं काढलंस."

"लहानच काढलंय तिनं," एल्फ्रीडे म्हणाली आणि पक्कड उचलून खणात टाकली.