बशीतलं हिरवं पाणी

आपल्या तिघांच्या पक्ष्यांच्या तक्त्यात पंच्याहत्तराव्या ओळीवर अकरा दिवस एक नाव होतं आणि बाराव्या दिवशी ती ओळ रिकामी झाली, हे तुम्हा दोघांच्या लगेच लक्षात आलं. "आजी, चुकून डिलीट झालं का?" असा निरोपही आला. चुकून माझ्या हातून काही डिलीट होत नाही. पस्तीस वर्षं मी कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांच्या नोंदी केल्या आहेत. ती ओळ मी खोडली, आणि का खोडली ते इथे नीट लिहिते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला भराभर वाचता आलं असतं, पण मी अजून रागावलेली आहे आणि मला राग मराठीतच धड येतो. सावकाश वाचा.

नियम तुम्हाला पाठ आहेत, तरी पुन्हा सांगते, कारण सगळं त्यांच्यावरच अडलं. पक्षी रानातला आणि मोकळा हवा. फोटो मी स्वतः काढलेला हवा. जागा माहीम-शीवच्या अलीकडची, म्हणजे मूळ मुंबई शहरातली. आणि वर्षाच्या आत पंच्याहत्तर जाती, कारण डिसेंबरच्या शेवटी मला पंच्याहत्तर पूर्ण होणार होती. तुम्ही कॅमेरा पाठवलात तेव्हा तुमच्या आईला वाटलं होतं की तो कपाटात बसेल. मेपर्यंत माझ्या एकोणसाठ जाती झाल्या. शिवडीच्या चिखलातले रोहित, वरळीच्या खडकांवरचे बगळे, राणीच्या बागेतल्या झाडांवरचा मोकळा राखी धनेश, सगळे त्यात आले. जूनमध्ये उजवा गुडघा बदलला आणि मी थेट गॅलरीतल्या खुर्चीवर आले. तिथून आमच्या वाडीतला पिंपळ, समोरच्या चाळीची कौलं आणि मागच्या नव्या टॉवरची क्रेन एवढंच दिसतं. ऑक्टोबरपासून काठी घेऊन पुन्हा फिरायला लागले. रडतखडत डिसेंबर उजाडला तेव्हा आकडा चौऱ्याहत्तर होता.

या गुडघ्याच्या काळात मला सांभाळलं ते शेजारच्या वहिनींनी. त्या मूळच्या मालवणकडच्या, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत आहे. सहा आठवडे दोन्ही वेळचं ताट त्यांच्याकडून आलं, अंघोळीला हात त्यांनी दिला, आणि मी कुरकुरले की "गप बसा हो ताई, व्यायाम करा" हेही त्यांनीच ऐकवलं. हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्यांच्यावर ओरडले आहे.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी समोरच्या चाळीच्या कपडे वाळत घालायच्या दांडीवर एक चिमुकला पक्षी बसला होता. पोपटी. डोक्यापासून पाठीपर्यंत सलग पोपटी. मी श्वास धरला आणि नऊ फोटो घेतले. मग पुस्तक उघडलं. हिरवी मनोली! हा पक्षी मुंबईत नसतो. मध्य भारतात आणि राजस्थानात अबूच्या बाजूला असतो, आणि आता तिथेही विरळ झाला आहे. पुस्तकात चोच लाल होती, माझ्या फोटोत करडी. पुस्तकात कुशीवर काळे-पांढरे पट्टे होते, माझ्या फोटोत नव्हते. पण बारीक अक्षरात खाली लिहिलं होतं की पिल्लांना पट्टे नसतात आणि चोच काळपट असते. झालं, पिल्लू ठरलं. पस्तीस वर्षं इतरांच्या नोंदीतल्या चुका काढणाऱ्या बाईने, हवी ती ओळ सापडल्याबरोबर पुस्तक मिटलं. पंच्याहत्तराव्या ओळीत नाव लिहिलं आणि तुम्ही तिकडे उड्या मारल्यात.

मग मी फोटो आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत एका गृहस्थांचं उत्तर आलं, "आजी, त्याला एकदा साबणाने धुऊन बघा." खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. या गृहस्थांना मी शिवडीला पाहिलं आहे, त्यांचे स्वतःचे केस माझ्याइतकेच पांढरे आहेत. मी त्यांची आजी कधी झाले? मी पुस्तकातल्या पानाचा फोटो पाठवला, पिल्लांबद्दलच्या ओळीखाली रेघ मारून. त्यावर एक अंगठा आला. नुसता अंगठा! बाई म्हातारी आहे, हौशी आहे, नातवंडांनी कॅमेरा घेऊन दिलाय, खेळू दे तिला, असं सगळं त्या अंगठ्यात होतं. मी आठवडाभर धुमसत होते आणि ओळ खोडली नाही.

बाराव्या दिवशी पक्षी माझ्याच गॅलरीत आला. चिमण्यांसाठी मी कठड्याजवळ पाण्याची पांढरी खोलगट बशी ठेवते. तो कुंडीवरून बशीत उतरला, खरं तर पडला, आणि अंघोळ करायला लागला. पंख फडफडवले, मान बुडवली, पुन्हा फडफडवले. मी कॅमेरा लावून बसले होते. भिंगातून मला आधी पाणी दिसलं. बशीतलं पाणी वाळ्याच्या सरबतासारखं हिरवंगार झालं होतं.

पक्षी बाहेर आला तेव्हा त्याच्या डोक्यावर हिरवी टोपी उरली होती. बाकी अंग मातकट. साधी मनोली, माझ्या यादीत एकेचाळीसाव्या ओळीवर जानेवारीपासून बसलेली. डाव्या पंखाची लांब पिसं कात्रीने सरळ रेषेत कापलेली होती. म्हणून तो दांडी सोडून कुठे जात नव्हता, आणि मला वाटलं होतं की तो माझ्यासाठी थांबलाय.

त्या गृहस्थांचं बरोबर होतं, हे कबूल. तरी माझा राग त्यांच्यावरून हलला तो कमी झाला नाही, जागेवर आला. गवतात जाळं लावून हे पक्षी धरायचे, पंख छाटायचे, रंगाच्या पाण्यात बुडवून काढायचे आणि शोभेचे म्हणून विकायचे. पक्षी चोचीने पिसं साफ करतो, म्हणजे तो रंग पोटात जातो. कायद्याने हा गुन्हा आहे, आणि भर बाजारात, दिवसाढवळ्या चालतो. मी बशी तशीच उचलली आणि भिंतीपलीकडे वहिनींकडे नेली.

"बघा! रंगवलाय मेल्यांनी. जिवंत पाखराला रंग देतात. आणि कोण घेतं हो असले पक्षी?"

वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी बशीत पाहिलं आणि त्यांचा हात थांबला.

"हिरवा?" त्या म्हणाल्या. "कच्चा रंग होता?"

"तुम्हाला काय माहीत पक्का की कच्चा?"

"दोन हिरवे होते, दोन पिवळे. मला वाटलं, जातच तशी असेल. मीच सोडले ताई, गच्चीवरून. तुमच्या गुडघ्यासाठी नवस बोलले होते. ताई काठीशिवाय जिना उतरल्या की पाच पाखरं मोकळी करीन."

मी नोव्हेंबरअखेरीस काठी सोडली होती. हिशेब बरोबर जुळत होता.

"माझा गुडघा डॉक्टरांनी बसवला!"

"आणि डॉक्टरांच्या हाताला यश कोणी दिलं?"

"वहिनी, तुम्ही सोडता म्हणून ते धरतात. तुमच्या पुण्यासाठी कोणीतरी त्यांना आधी रानातून उचलून आणलं. बाकीचे तीन कुठे गेले?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उतरवली. मग पिठाचे हात तसेच ठेवून म्हणाल्या, "एक पायरीवरच बसला होता. मला वाटलं घाबरलाय. खाली मांजर होती." आणि एकदम चिडून, "माका काय म्हायत? मी वाईट केलंय का कोणाचं? तुमच्यासाठी उपास केले, पाखरं सोडली, आणि तुम्ही माझ्या दारात येऊन ओरडताय!"

मी बशी घेऊन परत आले. तक्त्यातली ओळ त्याच दुपारी खोडली. तीन दिवस भिंतीच्या दोन्ही बाजूंना भांड्यांचे आवाज आले, बोलणं नाही. प्रेमाने केलेल्या गोष्टीवर रागवायचं नाही असं आपल्याकडे सांगतात. मला ते पटत नाही. तीन पक्षी गेले ते कोणाच्या तरी प्रेमानेच.

चौथ्या दिवशी वहिनी दारात उभ्या होत्या, बाहेर जायची साडी नेसून, हातात कापडी पिशवी.

"मी बाजारात चाललेय. सांगून जाते, मागाहून कळलं तर आणखी ओरडाल. पाच बोलले होते, चारच सोडले. त्याच्याकडे तेव्हा चारच होते. पाचवा राहिलाय. देवाला दिलेला शब्द आहे."

"मी येते तुमच्याबरोबर," मी म्हटलं आणि कॅमेरा घेतला.

दुकान म्हणजे एकावर एक रचलेले पिंजरे. एका पिंजऱ्यात पोपटी, पिवळे, गुलाबी असे तीस-चाळीस जीव एकमेकांना चिकटून बसलेले. मी चष्मा लावून एकेक ओळखायला सुरुवात केली आणि मोठ्याने सांगायला लागले, "ही साधी मनोली. ही ठिपक्यांची. ही पण साधी." वहिनी माझ्या बोटामागे बघत होत्या.

"क्या मावशी, लेना है तो बोलो," पिंजरेवाला म्हणाला. "धरम का काम है. छोड दो, पुण्य मिलेगा."

"पंख कापलेला पक्षी सोडायचा कसा?" वहिनींनी विचारलं.

"वो तो इसलिए, की दूर न जाए. कभी कभी वापस भी मिल जाता है."

वहिनींनी पिशवी खाली ठेवली. "म्हणजे मी सोडलेला तू परत धरतोस? आणि परत मलाच देतोस? मेल्या, देवाला पण तेच तेच पाखरू दाखवतोस?" बाजारातली माणसं वळून बघायला लागली. मालवणीत पुढे त्या जे बोलल्या ते मी तुम्हाला लिहून पाठवणार नाही.

तेवढ्यात मला खालच्या कोपऱ्यातला पिंजरा दिसला. त्यात लाल मनोली होती. रंगवलेली नव्हे. खरी, डाळिंबी लाल, अंगावर पांढरे ठिपके, लाल चोच. तिच्यासाठी मी तीन वर्षं गवतं तुडवली आहेत आणि एकदाही ती दिसली नाही. आता ती माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. यादीत नसलेली. वर्षाचे बारा दिवस उरले होते. मी कॅमेरा उचलला. पिंजरेवाला "फोटो नहीं, फोटो नहीं" करत पिंजऱ्यावर गोणपाट ओढायला लागला, पण माझे चार निघाले होते. चारही उत्तम, गज अगदी स्पष्ट.

पाचवा न घेताच आम्ही परतलो. ते फोटो मी तक्रारीला जोडून वनखात्याकडे पाठवले आणि ग्रुपवरही टाकले, बशीच्या फोटोसकट. ग्रुपवर यावेळी कोणी हसलं नाही. त्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी तक्रारीवर आपलंही नाव घातलं. त्यांनी मला अजून आजीच म्हटलं, पण ते भांडण नंतर करीन. खात्याकडून पोच आली आहे, पुढे काही नाही. दर सोमवारी मी फोन करते आणि ते माझा आवाज ओळखायला लागले आहेत.

गॅलरीत अजून घुटमळणारी आमची टोपीवाली मनोली वहिनींनी परडीखाली धरली आणि आम्ही तिला परळला प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. कापलेली पिसं गळून नवी यायला काही महिने लागतील, तोवर ती तिथेच राहील. वहिनी दर आठवड्याला राळे घेऊन जातात आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना बजावतात, "सोडाल तेव्हा मला बोलवा. तो माझा पाचवा आहे."

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे पिंजऱ्यातले फोटो पाहून एकाने म्हटलंच आहे, "आजी, लाल मनोली रानातलीच ना? फोटो तूच काढलास, जागाही मुंबईतली. टाक की पंच्याहत्तरावर." नाही. नियम पुन्हा वाचा. पक्षी मोकळा हवा. माझं वर्ष चौऱ्याहत्तरावर संपलं. पंच्याहत्तरावी ओळ पुसू नका आणि भरूही नका. तिथे कोणता पक्षी नाही आणि का नाही, ते मला रोज दिसलं पाहिजे.